गोळी झाडण्याआधी परतीचा हिशोब: दूरच्या शिकारीतलं मांस, कातडी आणि शिंगं घरी कशी आणायची

अलास्कातला पूर्ण वाढलेला नर मूस, म्हणजे हरणवर्गातलं सगळ्यात मोठं जनावर, ७०० किलोंच्या घरात जातो. डोकं, कातडी, आतडी, खूर बाजूला काढले की सव्वाचारशे किलोंच्या आसपास धड उरतं, आणि हाडं सोडवून निव्वळ खाण्याजोगं मांस भरतं सव्वादोनशे किलो. हा ऐवज जिथे आडवा होतो तिथून सगळ्यात जवळचा रस्ता कधी कधी शंभर किलोमीटरवर असतो. तुम्ही दोघं असता, तुमच्या पाठीवर दोन पिशव्या असतात आणि हवा बदलत असते. लंकेत सोन्याच्या विटा म्हणतात, त्यातलीच गत.

म्हणून दूरच्या शिकारीचं नियोजन उलटीकडून करावं. सुरुवात घरातल्या फ्रीजरपासून करायची आणि मागे मागे येत बंदुकीच्या चापापर्यंत पोहोचायचं. बहुतेक जण नेमकं याच्या उलट करतात. बंदूक, दुर्बीण, बूट यांवर सहा महिने खल चालतो आणि मांसाचं काय करायचं ते विमानतळाच्या काउंटरवर उभं राहून ठरतं. पुढचं सगळं लिखाण जिथे कायदा परवाना देतो तिथल्या शिकारीबद्दलच आहे. उदाहरणं बरीचशी अलास्काची आहेत, कारण तिथले नियमही कडक आणि अंतरंही खरी.

घरून निघण्याआधी

चार ठिकाणी फोन करा, आणि तेही महिनाभर आधी.

पहिला फोन तुम्हाला रानात सोडणाऱ्या विमानवाल्याला. त्याला विचारायचं ते हेच: मांस न्यायला वेगळी फेरी करावी लागेल का, ती कोणत्या हिशोबाने आकारणार, आणि मांस तयार आहे हे तुम्ही कळवल्यावर तो किती दिवसांत येऊ शकतो. सुपर कबसारख्या छोट्या विमानात पायलटच्या मागे एकच माणूस बसतो. अख्खा मूस त्यातून न्यायचा तर दोन-तीन फेऱ्या धराव्यातच. बीव्हरसारखं मोठं, पाण्यावर उतरणारं विमान बरंच जास्त उचलतं, पण तळं लहान असेल किंवा इंधन जास्त लागणार असेल तर तेही हात आखडतं. सॅटेलाइटवरून निरोप देणारं यंत्र सोबत असेल तर उत्तमच. शिकार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मांस हलवता येणं आणि ठरलेल्या तारखेची सहा दिवस वाट बघत बसणं, यात मांस वाचणं आणि नासणं इतका फरक पडतो.

दुसरा फोन गावातल्या खाटकाला, म्हणजे शिकारीचं मांस कापून, पॅक करून, गोठवून देणाऱ्याला. ऐन हंगामात त्याच्याकडे रांग असते. काही जण फक्त हाडं काढलेलं मांस घेतात, काही जण आठवड्याच्या शेवटी दार बंद ठेवतात. शनिवारी दुपारी दोनशे किलो मांस घेऊन बंद शटरसमोर उभं राहण्याचा अनुभव मी घेतला आहे, तुम्ही घेऊ नका.

तिसरा फोन विमान कंपनीला. शिंगं घेता का? किती लांबीपर्यंत? मांसाच्या खोक्याचं कमाल वजन किती? उत्तर मिळालं की ते लेखी मागून घ्या किंवा त्यांच्या नियमांच्या पानाची छापील प्रत खिशात ठेवा. काउंटरवरच्या माणसाने शिंगं आयुष्यात पाहिलेली नसतात आणि नियम कुणाला पाठ नसतो.

चौथा फोन टॅक्सिडर्मिस्टला, म्हणजे जनावराची कातडी भरून टिकवून देणाऱ्याला, तोही फक्त ट्रॉफी (आठवण म्हणून डोकं, शिंगं, कातडी) ठेवायची असेल तरच. कातडी कुठे कापायची, किती मानेपर्यंत ठेवायची, मीठ लावून हवी की गोठवून, हे त्याच्याकडून ऐकून लिहून घ्या. प्रत्येकाची पद्धत थोडी वेगळी असते, आणि काम त्यालाच करायचं असतं.

फ्रीजरचा हिशोब सोपा आहे. १०० लिटर जागेत पॅक केलेलं मांस साधारण ५५ किलो बसतं. मूसचे सव्वादोनशे किलो म्हणजे ४०० लिटर. घरात तेवढी जागा नसेल तर मांसाचे वाटेकरी आताच ठरवा.

नियम: कमीत कमी एवढे तरी

परवान्यासोबत येणारी नियमपुस्तिका कंटाळवाणी असते, पण मांस आणि ट्रॉफीची पानं दोनदा वाचा. अलास्कात खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं हा गुन्हा आहे. मूस आणि कॅरिबू (उत्तर अमेरिकेतलं रेनडिअर) यांच्या बाबतीत मान, छाती, बरगड्यांवरचं मांस, पुढचे फरे, मागच्या मांड्या आणि पाठीच्या कण्यालगतचे पट्टे हे सगळं आणावंच लागतं. काही विभागांत फरे, मांड्या आणि बरगड्यांवरचं मांस रानातून बाहेर पडेपर्यंत हाडावरच ठेवायचं असतं. शिंगं मांसाच्या आधी जागेवरून हलवायची नाहीत. ती शेवटच्या खेपेसोबत किंवा तिच्यानंतर निघतात. आधी लगीन मांसाचं, मग शिंगांचं!

फक्त नर मारायची परवानगी असेल तर लिंग ओळखू येईल असा अवयव मांसाच्या एका तुकड्याला नैसर्गिकरीत्या जोडलेला ठेवावा लागतो. तो वेगळा कापून पिशवीत टाकला तर चालत नाही. मांस दुसऱ्या कुणाला दिलंत, अगदी मित्राकडे पोहोचवायला दिलंत, तरी हस्तांतराचा कागद सही करून सोबत द्यायचा. तपकिरी अस्वल असेल, किंवा काही विभागांत काळं असलं तरी, कातडी आणि कवटी ३० दिवसांच्या आत अधिकाऱ्याकडून सील करून (अधिकृत खूण लावून) घ्यावी लागते. आणि विमानाने गेलात त्याच दिवशी मोठी शिकार करता येत नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे ३ नंतरच.

राज्याची हद्द ओलांडली की आणखी एक कायदा मागे लागतो. अमेरिकेत १९०० सालचा लेसी कायदा असं सांगतो की एका राज्यात बेकायदा मारलेलं जनावर दुसऱ्या राज्यात नेणं हा केंद्रीय गुन्हा आहे. म्हणजे रानात केलेली छोटी चूक सामानासोबत प्रवास करते आणि वाटेत मोठी होते.

चाप ओढण्याआधी

जनावर दिसलं, अंतर बंदुकीच्या टप्प्यात आहे, वारा योग्य आहे. आता मागे वळून तंबूकडे, तळ्याकडे किंवा नदीकडे पाहा. मधे काय आहे?

मूसच्या बाबतीत करून बघा. हाडं सोडवलेलं मांस सव्वादोनशे किलो, एका खेपेला ३० किलो, म्हणजे आठ खेपा. डोकं, शिंगं, मानेची कातडी यांच्या आणखी दोन. अंतर दोन किलोमीटर असेल तर दहा वेळा भरल्या पाठीने आणि नऊ वेळा रिकाम्या, मिळून ३८ किलोमीटर चाल झाली. हाडासकट आणायचं असेल तर त्याहून जास्त. तीही सपाट वाटेवरची नव्हे. घोट्यापर्यंत पाणी, गवताचे उंचवटे, विलोची झुडपं. जुने लोक म्हणतात, मूस पाण्यापासून दीड किलोमीटरच्या पलीकडे मारू नये. मी स्वतः एक किलोमीटरवर थांबतो. कॅरिबूचं तसं नाही. हाडं काढून ५० किलोंच्या आसपास मांस भरतं, दोघांनी मिळून एक-दोन खेपांत निघतं.

हे गणित जमत नसेल तर चाप ओढू नका. जनावर उद्याही तिथेच असेल, नसेल तर दुसरं असेल.

पहिला तास

मांसाचे शत्रू चार: उष्णता, ओल, घाण आणि माश्या. त्यातही पहिला क्रमांक उष्णतेचा. जनावराच्या शरीराचं तापमान ३८–३९ अंश सेल्सिअस असतं, आणि जाड मान व केसाळ कातडी ही उष्णता तासन्‌तास धरून ठेवते. बाहेर गोठणबिंदूच्या जवळ हवा असली तरी मागच्या मांडीच्या खुब्यात मांस आतून गरमच राहतं. तिथूनच ते कुजायला लागतं. बाहेरून लालबुंद, ताजं, आणि सुरी हाडापर्यंत गेली की आंबूस दुर्गंध. त्यावर उपाय नाही, तो भाग टाकूनच द्यावा लागतो.

म्हणून फोटो पाच मिनिटांत उरका आणि कातडी उघडा.

रानात मला पोट न फोडता सोलायची पद्धत आवडते. जनावर कुशीवर ठेवायचं, पाठीच्या कण्यावरून मानेपासून शेपटीपर्यंत चीर द्यायची, कातडी पोटाकडे सोलत न्यायची. वरच्या बाजूचा फरा, मांडी, पाठीचा पट्टा, मान आणि बरगड्यांवरचं मांस काढून घ्यायचं, मग जनावर उलटवून दुसरी बाजू. शेवटी कमरेच्या आतले नरम पट्टे, शेवटच्या बरगडीमागे चीर देऊन, आतडी बाजूला सारून. पोट फुटत नाही, मांसाला घाण लागत नाही, आणि एकट्या माणसालाही मोठं जनावर आवरतं. बरगड्या हाडासकट आणायच्या असतील तिथे मात्र पोट उघडावंच लागतं आणि करवत लागते.

सोललेल्या कातडीची आतली बाजू वर करून पसरली की तिचंच आंथरूण होतं, मांस मातीला लागत नाही. एक हलकी ताडपत्री असली तर त्याहून चांगलं. केस मांसावर येऊ नयेत म्हणून सुरी नेहमी कातडीच्या आतून बाहेर चालवा. हातमोजे घाला. गोळीने रक्ताळलेला, चिरडलेला भाग सढळ हाताने कापून टाका. तिथे शिशाचे बारीक कण मांसात पसरलेले असतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत.

मांड्या हाडावरच ठेवणार असाल आणि हवा उबदार असेल, तर आतल्या बाजूने मांडीच्या हाडापर्यंत एक लांब चीर द्या. मांस थोडं उघडं पडतं खरं, पण उष्णतेला वाट मिळते. हाड काढायची घाई मात्र नको. जनावर आखडायच्या आत मांस हाडावरून सोडवलं तर स्नायू आकसतात आणि मांस चिवट होतं. एक रात्र हाडावर काढलेलं मांस चवीला बरं.

पाण्याने धुवायचा मोह आवरा. आतड्यातली घाण लागली असेल तर तेवढा भाग सुरीने खरवडून किंवा कापून काढा. ओल्या मांसावर जंतू वेगाने वाढतात.

तळावर: टांगणं, सुकवणं, राखण

मांसासाठी कापडी पिशव्या हव्यात. सुती किंवा हवा खेळू देणाऱ्या विणीच्या, धुतलेल्या, प्रत्येक मोठ्या तुकड्याला एक. प्लास्टिकच्या पिशवीत गरम मांस भरणं म्हणजे ते स्वतःच्याच वाफेत उबवणं. मोठ्या जनावरासाठी आठ तरी पिशव्या घ्या, आणि दोन जास्तीच्या.

दोन झाडांमधे आडवा दांडा बांधा आणि त्याला मांस असं टांगा की तुकडे एकमेकांना लागणार नाहीत. झाडं नसतील तर जाड फांद्यांचा माच रचून त्यावर ठेवा, दर काही तासांनी उलटा. वर ताडपत्री ताणा, पण बाजू उघड्या ठेवा. सावली हवी, पावसापासून आडोसा हवा आणि वारा मांसाच्या भोवतीने फिरायला हवा. एक-दोन दिवसांत वरचा थर सुकून चामड्यासारखा काळपट होतो. नवख्या माणसाला वाटतं, मांस खराब झालं. उलट तीच त्याची ढाल, माश्यांना तिथे अंडी घालायला ओल सापडत नाही.

तो थर येईपर्यंतच्या काळात सायट्रिक ॲसिडचं पाणी कामाला येतं. एक लिटर पाण्यात साधारण ६० ग्रॅम पावडर विरघळवून मांसावर फवारायची. पृष्ठभाग आंबट झाला की जंतूंची वाढ मंदावते आणि माश्याही तिथे बसायला नाखूश असतात. काही जण वरून काळी मिरी चोळतात. पिशवीच्या घडीत पांढऱ्या तांदळासारखी अंडी दिसली तर लगेच खरवडा. उबदार हवेत त्यातून दिवसभरात अळ्या निघतात.

दिवसा हवा १० अंशांच्या वर चढत असेल तर मांसाकडे मोजकेच दिवस आहेत असं समजा आणि विमानवाल्याला निरोप द्या. शिकार अजून बाकी असली तरी. मधल्या काळात मांस पक्क्या जलरोधक पिशव्यांत घालून काही तास थंड ओढ्यात बुडवता येतं, पण बाहेर काढल्यावर पिशव्या उघडून ते पुन्हा वाऱ्यावर ठेवायचं.

आणि अस्वलं. मांस तंबूपासून किमान शंभर मीटर लांब, तंबूतून दिसेल अशा जागी. शिकारीची जागा आणि आतड्यांचा ढीग हे तर अस्वलाला आमंत्रणच. म्हणून मांस पहिल्याच दिवशी ढिगापासून दूर, मोकळ्या जागी हलवा, भले एका खेपेत सगळं नेता येणार नसेल. दुसऱ्या दिवशी उरलेलं आणायला जाताना लांबून दुर्बिणीने पाहा, आवाज करत जा. ढिगावर माती आणि पालापाचोळा ओढलेला दिसला तर ती अस्वलाची मालकी झाली. तिथे हुज्जत घालू नका.

डोकं, कातडी, शिंगं

ट्रॉफी नुसती शिंगांची हवी की डोकं भरून घ्यायचं, हे सोलायला सुरुवात करण्याआधी ठरवा. खांद्यापर्यंत डोकं भरून घ्यायचं तर कातडी पुढच्या पायांच्या मागून, बरगड्यांवरून गोल कापावी लागते. गळ्यावरून चीर दिली की संपलं, टॅक्सिडर्मिस्टलाही ती झाकणं अवघड जातं. तुम्हाला वाटतं त्याहून वीतभर जास्त कातडी ठेवा. जास्तीची कापता येते.

कातडी खराब होते म्हणजे तिचे केस मुळातून सुटतात. जंतू कातडीचा वरचा थर पोखरतात आणि हात फिरवला की केसांचा पुंजका हातात येतो. माझी पहिली कॅरिबूची कातडी अशीच गेली. ओलीच घडी करून काळ्या पिशवीत भरली, उन्हात दोन दिवस ठेवली, आणि टॅक्सिडर्मिस्टने एका हाताने कानामागचे केस उचलून मला दाखवले. त्याने काही म्हटलं नाही, म्हणायची गरजही नव्हती.

क्रम असा. कातडीवरचं मांस आणि चरबी खरवडून काढा. मीठ चरबीतून आत जात नाही. कान आतून उलटे करा, म्हणजे कानाची कूर्चा कातडीपासून टोकापर्यंत सोडवा. ओठ आतून चिरून उघडा, पापण्या आणि नाकपुड्याही. अस्वल असेल तर पंजे शेवटच्या पेरापर्यंत सोला. हे सगळे जाड, मांसल भाग आहेत. मीठ तिथे पोहोचलं नाही तर केस तिथूनच गळतात. मग बारीक, आयोडीन नसलेलं मीठ चोळा. जाडे खडे नकोत, ते कातडीला सगळीकडे भिडत नाहीत. प्रमाण ढोबळमानाने कातडीच्या वजनाइतकं. कातडीच्या कडा, कानांच्या आतला भाग, ओठांच्या घड्या, काहीही सोडू नका. उतारावर पसरून ठेवा, पाणी निथळू द्या. २४ तासांनी ओलं मीठ झटकून नवं लावा. कातडी कडक व्हायच्या आत घडी करून कापडी पिशवीत भरा.

मूसच्या कातडीला लागणारं मीठ रानात वाहून नेणं हेच एक ओझं असतं. म्हणून जवळ फ्रीजर असेल आणि दोन दिवसांत तिथे पोहोचणार असाल, तर मिठाच्या भानगडीत न पडता कातडी थंड, कोरडी ठेवून थेट गोठवणं बरं. कातडीची आतली बाजू आतल्या बाजूवर घडी घालून गुंडाळा. मीठ लावलेली कातडी मात्र फ्रीजरमध्ये नीट गोठत नाही, तेव्हा दोन्हींतला एकच मार्ग धरा.

कवटी उकळून किंवा खरवडून स्वच्छ करा, मेंदू पूर्ण काढा. विमान कंपन्या आणि सीमेवरचे अधिकारी दोघंही हेच पाहतात: मांसाचा कण नको, रक्त नको, वास नको. शिंगांची टोकं रबरी नळीच्या तुकड्यांनी किंवा जाड फोमने झाका आणि वरून टेप लावा.

मोठी शिंगं छोट्या विमानात किंवा खोक्यात मावत नाहीत म्हणून काही जण कवटी मधोमध चिरतात. भिंतीवर लावायची असतील तर हरकत नाही, टॅक्सिडर्मिस्ट पुन्हा जोडतो. पण शिकारीतल्या विक्रमी शिंगांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या बून अँड क्रॉकेट क्लबच्या नोंदवहीत नाव यावं अशी आशा असेल तर चिरलेली कवटी तिथे चालत नाही. विमानाच्या बाहेर, पंखाच्या टेकूला शिंगं बांधून नेण्याबद्दल शेवटचा शब्द पायलटचा. त्यासाठी वेगळी मान्यता लागते, आणि तो नाही म्हणाला तर वाद नको.

गावात पोहोचल्यावर

इथे खरी सुटका होते, जर आधी फोन केला असेल तर. मांस ४ अंशांच्या खाली जायला हवं, आणि खाटकाचं शीतगृह ते काम करतं. पॅकिंग व्हॅक्यूममध्ये करून घ्या. प्रत्येक पाकिटावर जनावर, भाग, तारीख. मग उणे १८ अंशांवर दगडासारखं गोठू द्या. यासाठी दोन-तीन दिवस तरी हवेत, म्हणून परतीचं तिकीट शिकारीच्या दुसऱ्या दिवशीचं काढू नका. घाईत आलेल्यांचं अर्धवट गोठलेलं मांस पहिल्याच विमानतळावर सुटायला लागतं.

आणायचं नसलेलं मांस इथेच देता येतं. दुर्गम गावांतून मूस-कॅरिबूचं मांस आनंदाने घेतलं जातं. फक्त ते नीट राखलेलं, स्वच्छ असावं, आणि हस्तांतराचा कागद सोबत द्यावा. नासायला आलेलं मांस दान म्हणून कुणाच्या गळ्यात मारू नये.

विमानाने, रस्त्याने, मालवाहतुकीने

विमानाने नेताना मेणाचा थर दिलेली, आत पिशवी असलेली मासळीची पुठ्ठ्याची खोकी स्वस्त आणि हलकी पडतात. भक्कम कूलर चांगला, पण त्याचं स्वतःचं वजनच आठ-दहा किलो असतं आणि तेवढं मांस कमी बसतं. नेहमीच्या सामानाची मर्यादा २३ किलो, ज्यादा पैसे भरून बहुधा ३२ किलोंपर्यंत. खोकी २२ किलोंवर थांबवा. हॉटेलचा काटा आणि विमानतळाचा काटा यांचं कधी जमत नाही.

पूर्ण गोठलेलं मांस, रिकामी जागा वर्तमानपत्राने किंवा कपड्यांनी भरून, घट्ट बंद केलं तर दिवसभराचा प्रवास बर्फाशिवाय निभावतं. कोरडा बर्फ (ड्राय आइस) घालायचा असेल तर प्रवाशामागे २.५ किलोंची मर्यादा आहे, कंपनीची संमती लागते, आणि खोक्यावर त्याचं नाव व वजन लिहावं लागतं. खोकं हवाबंद करू नका. कोरडा बर्फ उणे ७८.५ अंशांवर थेट वायू होतो आणि वायूला वाट मिळाली नाही तर खोकं फुटतं. साध्या कूलरमध्ये दिवसाला दोन ते साडेचार किलो बर्फ उडून जातो, तेव्हा अडीच किलोंवर किती भिस्त ठेवायची ते तुम्हीच पाहा.

अंतर गाडीने कापण्याजोगं असेल तर मागे छोटा फ्रीजर आणि जनरेटर हा सगळ्यात निर्धास्त मार्ग. मांस डोळ्यांसमोर राहतं, शिंगांची लांबी कुणी मोजत नाही. शंभर किलोंच्या वर मांस असेल तर हवाई मालवाहतुकीचा भाव आधी विचारा. आणि हो, शिंगांचा वाहतूक खर्च कधी कधी सगळ्या मांसाच्या खर्चाहून जास्त येतो. नाकापेक्षा मोती जड! मग अख्ख्या डोक्याऐवजी शिंगं फक्त कवटीच्या कपाळासकट कापून आणणं हा शहाणा तोडगा ठरतो.

सीमा ओलांडताना

इथे चूक झाली की मांस आणि ट्रॉफी दोन्ही जप्त होतात. तीन वेगवेगळे प्रश्न एकत्र येतात: रोगाचा, दुर्मीळ प्राण्याचा आणि लाकडी खोक्याचा.

हरणवर्गात क्रॉनिक वेस्टिंग डिसीज नावाचा मेंदूचा रोग आहे. तो पहिल्यांदा १९६७ साली कोलोरॅडोतल्या संशोधन केंद्रातल्या बंदिस्त हरणांत दिसला, आणि २०१६ साली नॉर्वेच्या जंगली रेनडिअरमध्ये सापडला तेव्हा युरोपातलं ते पहिलं प्रकरण होतं. रोगकारक प्रथिन मेंदूत, कण्यात आणि लसीका ग्रंथींत साठतं, शिजवल्याने नष्ट होत नाही. म्हणून अमेरिकेची बरीच राज्यं आणि कॅनडाचे प्रांत बाहेरून अख्खं धड, डोकं किंवा पाठीचा कणा आणू देत नाहीत. हाडं काढलेलं मांस, कण्याशिवायचे फरे-मांड्या, मांसाचा कण नसलेलं कवटीचं कपाळ, शिंगं आणि डोक्याशिवायची कातडी सहसा चालते. वाटेत लागणाऱ्या प्रत्येक राज्याचा नियम पाहा, फक्त शेवटच्याचा नव्हे. रोगग्रस्त भागात शिकार केली असेल तर तपासणीसाठी नमुना डोक्यातल्याच ग्रंथींचा घेतात, तेव्हा डोकं फेकण्याआधी तो देऊन या. माणसाला हा रोग झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, तरी बाधित जनावराचं मांस खाऊ नये हाच सल्ला आहे.

आफ्रिकेतली शिकार असेल तर मांस घरी येणार नाही हे धरूनच जा. लाळ्या-खुरकूत आणि आफ्रिकन स्वाइन फीव्हरच्या भीतीने अमेरिका असो वा युरोपीय संघ, तिथलं मांस प्रवाशाच्या सामानात येऊ देत नाहीत, सुकवलेलं बिल्टाँगही नाही. ते मांस तळावरच्या आणि आसपासच्या लोकांत वाटलं जातं. ट्रॉफी तिथेच उकळून, मीठ लावून, निर्जंतुक करून, खोक्यात बंद होऊन काही महिन्यांनी जहाजाने किंवा विमानाने येते. खोकं लाकडी असेल तर लाकूड आतपर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं किंवा दुसऱ्या मान्य पद्धतीने कीडमुक्त केलेलं आणि तसा शिक्का असलेलंच हवं. शिक्का नसला तर आतल्या ट्रॉफीत काही दोष नसताना खोकं बंदरातच अडकतं.

दुर्मीळ प्राण्यांच्या व्यापारावरचा साइट्स करार १९७५ पासून लागू आहे. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात अमेरिकी काळं अस्वल, बहुतेक ठिकाणचं तपकिरी अस्वल आणि लांडगा, आफ्रिकेतला सिंह, पाणघोडा असे प्राणी येतात, बिबट्या पहिल्यात, म्हणजे जास्त कडक यादीत. यांचा परवाना माल निघण्याआधी, मूळ प्रतीत, हातात हवा. नंतर काढू म्हटलं तर वरातीमागून घोडं. युरोपीय संघात २०१५ पासून सिंह, ध्रुवीय अस्वल, हत्ती, पांढरा गेंडा, पाणघोडा आणि अर्गाली मेंढ्याच्या ट्रॉफीला आयातीचा वेगळा परवानाही लागतो. अमेरिकेत परत येताना वन्यजीव विभागाचं ३-१७७ क्रमांकाचं घोषणापत्र भरायचं असतं. आणि परवाना असूनही वाहतूकदार नकार देऊ शकतो: ऑगस्ट २०१५ मध्ये डेल्टा या अमेरिकन विमान कंपनीने सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हशीच्या ट्रॉफी नेणं बंद केलं. म्हणून परवाना आणि वाहतूक, दोन्ही शिकारीला निघण्याआधीच पक्कं करा.

सीमेवर सगळं जाहीर करा, विचारायच्या आधीच. परवाना, टॅगची (शिकारीला लावायच्या अधिकृत चिठ्ठीची) प्रत, हस्तांतराचे कागद, खाटकाची पावती हे सगळं एका पारदर्शक पिशवीत, हातातल्या बॅगेत. खोक्यात घातलेला कागद खोक्यासोबतच अडकतो.

घरी आल्यावर

खोकी उघडून प्रत्येक पाकीट दाबून पाहा. आत बर्फाचे कण असतील, मांस अजून कडक असेल तर लगेच फ्रीजरमध्ये. मऊ पडलं असलं तरी थंडगार असेल तर त्याच आठवड्यात शिजवून संपवा. कोमट लागलं तर जीव कितीही हळहळला तरी फेका.

अस्वल आणि रानडुकराच्या मांसात ट्रिकिनेला नावाचा सूक्ष्म जंत असू शकतो. त्याची उत्तरेकडची जात गोठवूनही मरत नाही, तेव्हा हे मांस मध्यापर्यंत ७१ अंश होईपर्यंत शिजवा, थर्मामीटर लावून. रंगावरून अंदाज बांधू नका.

कातडी त्याच दिवशी टॅक्सिडर्मिस्टकडे, परवान्याच्या प्रतीसह. शिंगं कोरड्या खोलीत, उन्हापासून लांब ठेवा. नोंदीसाठी मोजायची असतील तर ६० दिवस सुकू द्यावी लागतात, त्याआधी घेतलेलं माप धरत नाहीत.